टेन्शनर नवा होता

गाडीतला तो आवाज आधी आईला ऐकू आला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती बेळगावातल्या वडगावचं घर सोडून निपाणीला माझ्याकडे राहायला आली होती. रोज सकाळी मी शाळेत जायला निघाले की ती ओट्यावर खुर्ची टाकून बसायची. एके दिवशी मी किल्ली फिरवली, गाडी चालू झाली आणि आई म्हणाली, "थांब गं. परत एकदा चालू कर."

मी बंद करून पुन्हा चालू केली. तिनं मान हलवली. "आता न्हाय आलं. सकाळी पयल्यांदा चालू करतीस तवा खडखडतंय. मोजून तीन येळा श्वास घेईपर्यंत. मग गप होतंय."

मी हसले. जुनी गाडी आहे, आवाज करणारच, म्हणाले. पण आईनं पन्नास वर्षं हातमाग चालवला होता. मागाचा आवाज जरा बदलला तरी कुठं काय ढिलं झालंय ते तिला बसल्या जागी कळायचं. दुसऱ्या दिवशी मी काच खाली करून गाडी चालू केली आणि मलाही ऐकू आलं. पत्र्याच्या डब्यात कुणी सायकलची साखळी हलवावी तसा आवाज. दोन-तीन सेकंद, मग इंजिन नेहमीसारखं.

गाडी मी आईसाठीच घेतली होती. जुनीच, एका हातावरून आलेली. माझे मिस्टर नोकरीनिमित्त हुबळीला असतात, पंधरा दिवसांनी येतात. आईला बसची पायरी चढता येईना, डॉक्टर बेळगावात, म्हणून चाळिशी उलटल्यावर मी ड्रायव्हिंग शिकले. चालवायला शिकले एवढंच. ऑइल कधी बदलायचं, कुठलं घालायचं, हे मी कधी मनावर घेतलं नाही. आधीच्या मालकानंही घेतलं नसावं.

आवाज ऐकल्यावरही मी दोन महिने काही केलं नाही. मग तो तीन सेकंदांवरून दहा सेकंदांवर गेला, तेव्हा आईला मागं बसवून मी गाडी गॅरेजला नेली.

हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर तंबाखूच्या वखारीच्या भिंतीला लागून ते गॅरेज आहे. चालवणारे गृहस्थ पंचावन्नच्या आसपासचे, चिकोडीकडच्या जैन घरातले. घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. हाताखाली कुणी नाही, एकटेच काम करतात. गॅरेजच्या मागेच घर. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा त्यांचा नेम, त्यामुळे साडेपाचला शटर अर्धं खाली येतं हे सगळ्या निपाणीला माहीत.

अण्णांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या एका बाजूला टेकवलं, दांडा कानाला लावला आणि मला गाडी चालू करायला सांगितली. मग ऑइलची कांडी बाहेर काढून बोटावर पुसून पाहिली.

"टीचर, हे ऑइल नव्हे, काजळ आहे," ते म्हणाले. "टायमिंग चेन वाजतेय."

त्यांनी मला समजावून सांगितलं ते मी अजून विसरले नाही. इंजिनाच्या आत एक साखळी असते. खालचं चाक आणि वरचं चाक ती एकमेकांशी जुळवून ठेवते. ती सैल पडू नये म्हणून एक छोटा दट्ट्या बाजूनं तिला दाबून धरतो, तो टेन्शनर. साखळी ज्या पट्टीवरून सरकते ती गाईड. टेन्शनरला जोर मिळतो ऑइलच्या दाबातून. रात्रभर गाडी उभी राहिली की ऑइल खाली उतरतं. टेन्शनर चांगला असेल तर तो तेवढा वेळ धरून ठेवतो. झिजला असेल तर सकाळी ऑइल वर पोचेपर्यंत साखळी सैल असते आणि आपटत राहते.

"मग टेन्शनर बदला," मी म्हणाले.

त्यांनी तो काढून दाखवला. बाहेरून दोनच बोल्ट होते. दट्ट्या जेवढा बाहेर येऊ शकतो तेवढा पूर्ण आलेला होता.

"बघा. याचा हात संपलाय. म्हणजे चेन लांबली आहे. नवा टेन्शनर घातला तरी लांबलेली चेन लांबच राहणार. आणि गाईड आत काय अवस्थेत आहे ते उघडल्याशिवाय दिसत नाही. तिन्ही एकदम बदलायचं, टीचर. चेन, गाईड, टेन्शनर."

बेळगावच्या दुकानात त्यांनी माझ्यासमोर फोन केला. कंपनीचा टेन्शनर होता. चेन आणि गाईडचा संच पुण्याहून यायचा होता, आठ-दहा दिवस लागणार होते. तो दिवस बुधवार. आणि येत्या रविवारी आईला वडगावला पोचायचंच होतं.

त्या रविवारी आईचा माग जाणार होता. वडगावच्या घराची पुढची खोली आम्ही भाड्यानं द्यायची ठरवली होती आणि त्या खोलीत खड्ड्यातला हातमाग होता. आईचा पाय आता खड्ड्यात उतरणार नव्हता. सांबऱ्याकडच्या एका गावातलं विणकर जोडपं तो घेऊन जायला तयार झालं होतं. माग मोडीत न जाता कुणी चालवणार, याचं आईला समाधान होतं. तिची एकच अट होती. सोडवताना ती तिथं असणार.

"आत्ता फक्त टेन्शनर घाला," मी अण्णांना म्हणाले. "रविवारी जाऊन येते. संच आला की बाकीचं करा."

"नको, टीचर."

"नव्या टेन्शनरनं आवाज तरी थांबेल ना?"

"थांबेल. तेच वाईट. आवाज थांबला की माणसाला वाटतं, बरं झालं."

"अण्णा, माझी आई आहे. मला रविवारी जायचंच आहे. काय व्हायचं ते होऊ दे, जबाबदारी माझी."

त्यांनी मागच्या सीटवरच्या आईकडे बघितलं. मग म्हणाले, "सावकाश जा. घाटात गिअर बदलताना झटका देऊ नका." आणि गुरुवारी त्यांनी नवा टेन्शनर बसवून दिला. आवाज बंद झाला. मला वाटलं, बरं झालं.

रविवारी सकाळी आठला आम्ही निघालो. तवंदीचा घाट नीट पार पडला. संकेश्वर मागं पडलं. आई मागच्या सीटवर पाय लांब करून बसली होती आणि माग आधी कुठून सोडवायचा ते मला सांगत होती. हत्तरगीच्या अलीकडे इंजिनातून एकच आवाज आला, वाळकी काठी मोडावी तसा. लगेच गाडीचा जीव गेला. मी कशीबशी ती कडेला, एका चहाच्या टपरीपाशी आणली. किल्ली फिरवली तर स्टार्टर नुसताच हलका, भलत्याच सुरात फिरत राहिला. इंजिनानं काहीच साथ दिली नाही.

मी अण्णांना फोन केला. वडगावच्या शेजारीण काकूंनाही केला, त्यांच्याकडे घराची किल्ली होती. त्या म्हणाल्या, "अगं, ती माणसं टेम्पो घेऊन आल्यात. टेम्पो दुपारी परत द्यायचाय म्हणत्यात. आता काय करू?" फोन स्पीकरवर होता. आईनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "सोडवू दे म्हण."

अण्णा दीड तासानं त्यांच्या ओळखीच्या एका जीपवाल्याला घेऊन आले. तोवर टपरीवर पाच-सहा माणसं जमली होती. त्यांत आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडीलही होते. अण्णांनी बॉनेट उघडलं, ऑइल घालायच्या झाकणातून टॉर्च मारली, स्टार्टर एकदा फिरवून बघितला आणि बॉनेट मिटलं.

"चेन दातांवरून उडाली, टीचर. वॉल्व वाकले असणार."

खरं तर मी रडायला हवं होतं. रडण्याऐवजी मी बोलत सुटले. गुरुवारी काम केलं आणि रविवारी गाडी बंद, असं कसं? विश्वासानं गाडी दिली होती. आईच्या जिवाशी खेळ केलात. आणि शेवटी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात मी म्हणाले, "टेन्शनर डुप्लिकेट घातलात तुम्ही."

अण्णांनी खिशातून फडकं काढून हात पुसले, हात स्वच्छ होते तरी. मग म्हणाले, "आधी अव्वांना, तुमच्या आईंना पोचवू. जीप तुम्ही घेऊन जा. मी गाडीपाशी थांबतो. जीप परत आली की ओढून नेतो."

मी आभारसुद्धा मानले नाहीत.

वडगावला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. पुढची खोली मोकळी होती. खड्डा तेवढा उरला होता, त्याच्या कडेला सुताचे तुकडे आणि भिंतीवर मागाच्या लाकडानं वर्षानुवर्षं घासून पडलेला पट्टा. आई काठी टेकत दारात उभी राहिली. ती खड्ड्याजवळ गेली नाही. तिथूनच म्हणाली, "त्या पोरीला पावडीचं सांगायचं राहिलं."

पावडी म्हणजे पायानं दाबायची फळी. मी विचारलं, काय सांगायचं? आई म्हणाली, "डावी पावडी एक बोट वर हाय. माझा ह्यो पाय पयल्यापासनं आखूड. तुझ्या आप्पानं खाली लाकूड ठोकून दिलतं. तिला कळायचं न्हाय. कंबर मोडंल तिची."

मी जीपवाल्याला विचारलं, सांबऱ्याच्या बाजूला येतोस का? त्यानं घड्याळ बघितलं आणि आईकडे बघितलं. "चला," म्हणाला.

त्या विणकराच्या घरी मागाचे भाग पडवीत भिंतीला टेकवून ठेवले होते. सुटे झाल्यावर ते इतके थोडे दिसत होते की हाच तो माग, जो आमची अर्धी खोली व्यापायचा, हे खरं वाटेना. त्याची बायको पस्तिशीची, उंच, हसऱ्या चेहऱ्याची. तिनं आईला स्टुलावर बसवलं. आईनं एकेक लाकूड ओळखून सांगितलं. हे पावसाळ्यात फुगतं, इथं मेण लाव. ही फणी डावीकडं ओढते, घाबरू नको. मग पावडी मागवून घेतली, खालचा तुकडा तिला दाखवला. "ह्यो काढून टाक. तू उंच हायस. ह्यो माझ्या मापाचा."

त्या बाईनं सुरी आणून तुकडा उचकटून काढला आणि आईच्या हातात दिला. सांबऱ्याच्या विमानतळाकडं जाणारं विमान वरून गेलं, पत्रे थरथरले, तिथल्या कुणी वर बघितलंसुद्धा नाही. आईनं तो लाकडाचा तुकडा थोडा वेळ हातात धरला, मग चुलीजवळच्या जळणात टाकून दिला. "आता हे कशाला," म्हणाली. चहा झाला, पोहे झाले. त्या बाईनं खणाचा एक कापडी तुकडा आईच्या ओटीत घातला. आई तिथं दोन-अडीच तास बसली, आणि मी तिला उठ म्हणाले नाही. इतक्या महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती.

जीपवाल्यानं आम्हाला वडगावला सोडलं तेव्हा साडेचार वाजले होते. तो हत्तरगीला निघाला. तिथं एक माणूस सकाळपासून माझ्या गाडीपाशी बसलाय, हे त्या पूर्ण दिवसात माझ्या एकदाही मनात आलं नाही.

सोमवारी आम्ही बसनं परतलो, कंडक्टरनं आईला धरून वर घेतलं. मंगळवारी शाळेत गेल्यावर सगळ्यांनी विचारलं, गाडीचं काय झालं? मी स्टाफरूममध्ये सांगितलं. माणूस गोड बोलतो आणि पार्ट डुप्लिकेट घालतो. दोन जणींनी लगेच सांगितलं की त्या आपली गाडी आता दुसरीकडे नेतील. मला तेव्हा बरं वाटलं. खोटं का सांगू.

शुक्रवारी समोरच्या घरातल्या बाई आल्या, त्यांनाही मी तेच सांगायला लागले. आई भाजी निवडत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"पुरं आता," ती म्हणाली.

शेजारीणबाई काहीतरी कारण काढून गेल्या. आई म्हणाली, "मी त्या दिशी गाडीत मागंच बसलते. त्यो नको म्हणाला. दोनदा म्हणाला. जबाबदारी माझी म्हणून कोण म्हणालं? तू न्हवं?"

"आई, तुझ्यासाठीच घाई केली ना मी?"

"व्हय. माझ्यासाठी केलीस. मग माझ्या नावावर घाल की. त्याच्या नावावर कशाला घालतीस?"

मी उठून आत गेले. स्वयंपाकघरात उभी राहून मला बुधवारचं सगळं आठवलं, शब्दासकट. माझ्या आवाजासकट. मी विसरले नव्हतेच. फक्त त्या बाजूला बघत नव्हते.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी गॅरेजला गेले. शटर उघडं होतं, अण्णा नव्हते, पार्ट आणायला बेळगावला गेले होते. माझी गाडी आत उभी होती, इंजिनाचं तोंड उघडलेलं. बाजूला टेबलावर वर्तमानपत्र पसरून सगळे काढलेले भाग ओळीनं मांडले होते. नवा टेन्शनर होता, अजून चकचकीत, शेजारी त्याचा कंपनीचा खोका, होलोग्रामसकट. गाईडचे दोन तुकडे होते, मोडलेल्या जागी जळून तपकिरी झालेले. चेन होती. ती खिळ्याला टांगली होती, शेजारी पुण्याहून आलेली नवी, आणि माझ्यासारख्या अडाण्यालाही दिसत होतं की जुनी बोटभर खाली लोंबतेय. वाकलेले वॉल्व एका वाटीत ठेवले होते. कुणी विचारायला आलं तर दाखवता यावं म्हणून हे सगळं मांडलं असणार. आणि विचारायला कुणी आलेलं नव्हतं.

मागच्या दारातून त्यांच्या पत्नी आल्या. त्यांचं मराठी तुटक आहे. त्यांनी मला बसायला स्टूल दिलं, ताक दिलं. मी म्हणाले, त्या दिवशी तुम्हालाही फार त्रास झाला असेल.

"त्रास नाही," त्या म्हणाल्या. "उपास. गाडी ओढून आणेपर्यंत अंधार झाला. आमच्यात अंधार पडला की जेवण नाही. पाणी पण नाही. सकाळी पण नाश्ता न करता गेले, तुमचा फोन आला म्हणून. बाहेरचं ते खात नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर जेवले." त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. कुणाच्या तरी तब्येतीची बातमी द्यावी तसं सांगितलं.

मी ताक खाली ठेवलं.

अण्णा आल्यावर मी उभी राहिले. वर्गात मुलांना माफी मागायला लावणं सोपं असतं. माझं पहिलं वाक्य तीनदा अडकलं. शेवटी म्हणाले, "अण्णा, टेन्शनर नवा होता. चूक माझी होती. चार माणसांत मी खोटं बोलले."

त्यांनी हातातली पिशवी टेबलावर ठेवली. तिच्यातले भाग काढून लावले. मग म्हणाले, "माझं पण चुकलं, टीचर. मला माहीत होतं. तरी मी बसवून दिला. गिऱ्हाईक म्हणालं म्हणून देणं सोपं असतं. अव्वा गाडीत बसणार आहेत हे मला दिसत होतं. घाटात चेन उडाली असती तर?" त्यांनी रिकामी पिशवी घडी घालून ठेवली. "चार रात्री मला तेच दिसत होतं. तुम्ही जे बोललात ते नाही. ते घाटाचं."

मी गाडी बंद पडल्यापासून फक्त माझ्यावर काय गुदरलं तेवढंच मोजत होते. हा माणूस चार रात्री आम्हाला घाटात पडताना बघत होता.

गाडी आणखी तीन आठवडे तिथंच होती. इंजिनाच्या वरच्या भागाचं, म्हणजे हेडचं, काम संकेश्वरच्या वर्कशॉपमध्ये झालं. हेड परत आलं तेव्हा अण्णांनी मला बोलावून घेतलं, आणि चेन बसवताना दोन्ही चाकांवरच्या खुणा कशा जुळवायच्या ते दाखवलं. ऑइल कधी बदलायचं ते त्यांनी बॉनेटच्या आत मार्करनं लिहून ठेवलं, मराठीत आणि कन्नडमध्येही. आई गाडी आणायला बरोबर आली. अण्णांनी तिला विचारलं, "अव्वा, माग पोचला का नीट?" आईनं त्यांना सगळं सांगितलं, पावडीपासून पोह्यांपर्यंत. ते काम थांबवून ऐकत उभे राहिले.

स्टाफरूममध्येही मी सांगितलं. आधी सांगितलं होतं तेवढ्याच मोठ्या आवाजात सांगायचं असं ठरवून गेले होते, पण तेवढा आवाज काही निघाला नाही. त्या दोघींपैकी एक म्हणाली, "जाऊ दे गं, होतं असं." ती पुन्हा अण्णांकडे गेली. दुसरी गेली नाही. तिला दुसरं गॅरेज आता घराजवळ पडतं म्हणे.

मध्ये सात-आठ महिने गेले. पालकसभा संपवून मी गाडीपाशी आले तर एक गृहस्थ बॉनेटवर हात ठेवून उभे होते. माझ्या ओळखीचे नव्हते, नवीनच बदली होऊन आलेले. त्यांना निपाणीत चांगला मेस्त्री हवा होता. त्यांच्या गाडीतून सकाळी आवाज येत होता. मी अण्णांचं गॅरेज सांगितलं. त्यांनी आवाज जरा खाली आणला.

"ते वखारीजवळचे? नको हो, मॅडम. तो माणूस पार्ट डुप्लिकेट घालतो. एका टीचरची गाडी हायवेवर बंद पडली होती म्हणे, म्हातारी आई बरोबर असताना."

ऊन चढलं होतं. शाळेचं मैदान रिकामं होत आलं होतं. मी पिशवी गाडीच्या टपावर ठेवली.

"ती टीचर मीच," मी म्हणाले. "तुम्हाला वेळ आहे का दहा मिनिटं? पहिल्यापासून सांगते."

त्यांना वेळ होता. मी बुधवारपासून सुरुवात केली.